खाण नसलेल्या मुलखातला चुना

प्रश्न सांगोल्याकडच्या एका वाचकाचा आहे. गावाबाहेर ओढ्याच्या काठाला दगडात बांधलेला गोल चर आहे आणि त्यात अर्धं गाडलं गेलेलं दगडी चाक. जुनी माणसं त्याला ‘लोणाऱ्याची घाणी’ म्हणतात, म्हणजे चुना करणाऱ्याची चुना मळायची जागा. पण आसपास चुन्याची खाण कुठेच नाही, जिकडे बघावं तिकडे काळा पत्थर. मग इथे चुना यायचा कुठून, हा धंदा बसला कशाने, आणि वाड्याच्या दुरुस्तीला तसा चुना आज करता येईल का?

अठ्ठावीस वर्षं मी जुने वाडे, देवळं, बारवा यांच्या दुरुस्तीची कामं घेतोय. इतिहास मी नंतर वाचला, आधी भिंती उकलल्या. तेव्हा उत्तरही भिंतीच्या बाजूनेच देतो, थोडं लांबेल.

खाण नव्हती हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. देशावरचा जवळजवळ सगळा खडक बेसाल्ट, लाव्हाचे थरावर थर. त्यात चुनखडकाचे पट्टे सापडत नाहीत. पण बेसाल्टच्या अंगातच कॅल्शियम असतं. खडक कुजून काळी माती होते तेव्हा ते सुटं होतं, पावसाच्या पाण्यात विरघळून खाली मुरतं. पुढे आठ महिने ऊन. पाणी उडून जातं आणि चुना मागे राहतो. मातीच्या खालच्या थरात, मुरमाच्या फटीत, ओढ्याच्या दरडीत त्याचे खडे बांधले जातात. काही हरभऱ्याएवढे, काही बटाट्याएवढे, आल्याच्या गड्ड्यासारखे वेडेवाकडे, वरून मळकट आणि फोडले की आत राखाडी-पांढरे. हीच आपली चुनखडी. इंजिनिअर मंडळी हिला कंकर म्हणतात. आजचा बागायतदार याच खड्यांना शिव्या घालतो, कारण चुनखडीच्या रानात पिकाला लोह मिळत नाही, ऊस केवडा पडतो, द्राक्षाची पानं पिवळी होतात. ज्या रानाकडे बघून शेतकरी नाक मुरडतो, तिथे लोणारी थांबायचा.

आणि या खड्यांचा नकाशा पावसाने आखलेला आहे. माण, सांगोला, आटपाडी, जत, इंदापूर, कर्जत, म्हणजे जिथे पाऊस हात आखडता घेतो तिथे खडा मुबलक. सह्याद्रीच्या माथ्याकडे सरका, महाबळेश्वरासारख्या ठिकाणी पाऊस इतका की चुना धुऊनच जातो आणि मागे जांभा उरतो. तिथे भट्टीला घालायला खडाच नाही. घाट उतरून कोकणात गेलात तर चुना पुन्हा भेटतो, पण जमिनीतून नाही, खाडीतून. कालवं, तिसऱ्या, शिंपले भाजून केलेला चुना. वसईपासून गोव्यापर्यंतच्या जुन्या बांधकामात हाच आहे. एकाच राज्यात शे-दीडशे किलोमीटरच्या अंतरात चुन्याचं कूळ असं बदलतं, आणि त्याबरोबर त्याचा स्वभावही.

हा स्वभावाचा भाग नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. शिंपला जवळजवळ शुद्ध असतो. त्याचा चुना पांढराशुभ्र, लोण्यासारखा, पानाला लावायला नंबर एक. पण शुद्ध चुना पाण्यात घट्ट होत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत सावकाश दगड बनतो. जाड भिंतीच्या पोटात हवा पोचली नाही तर वर्षानुवर्षं तसाच मऊ राहतो. मी स्वतः अशा भिंती उकलल्या आहेत, पहारीला आतला चुना चिकटून येतो. देशावरचा खडा मात्र अशुद्ध. त्यात चिकणमाती अडकलेली असते, कधी दहा टक्के, कधी तीस. भट्टीत माती आणि चुना एकत्र भाजले की मातीतली सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याशी जोडली जातात, आणि असा चुना ओला असतानाच, अगदी पाण्याखालीसुद्धा, धरतो. याचं शास्त्र लुई विका या फ्रेंच इंजिनिअरने १८१८ च्या सुमारास मांडलं. आपल्या लोणाऱ्याला ती कारणमीमांसा ठाऊक नव्हती, पण कुठल्या ओढ्याचा खडा विहिरीला चालतो आणि कुठला फक्त सफेदीच्या लायकीचा, हे त्याला पाठ होतं. भारतीय मानक ७१२ मध्ये बांधकामाच्या चुन्याचे जे वर्ग पाडलेत त्यात या कंकर चुन्याला स्वतंत्र ‘ई’ वर्ग आहे. सरकारी कागदात तरी त्याची जात वेगळी मानली गेली, तीही दगडी बांधकामाच्या गाऱ्यासाठी.

आता लोणारी. नाव लवणावरून आलंय, म्हणजे मिठावरून. मीठ करणारे ते मीठ लोणारी, चुना करणारे ते चुने लोणारी. (लोणारच्या सरोवराशी या धंद्याचा काही संबंध नाही, हा प्रश्न मला दर व्याख्यानाला येतो.) चुन्याबरोबर हीच माणसं कोळसाही पाडायची, आणि ते साहजिकच आहे, कारण चुन्याचा निम्मा धंदा जळणाचा असतो. ज्याला जळण हाताळता येतं त्यालाच भट्टी लावता येते. बारा बलुतेदारांच्या यादीत लोणारी सापडत नाही. गावाला सुतार-कुंभार रोज लागतो, चुना पिढीतून एकदा, वाडा, देऊळ नाहीतर बारव बांधताना. त्यामुळे लोणाऱ्याला बलुतं नाही, काम असेल तिथे जायचं. खडा जिथे सापडेल तिथे भट्टी, आणि माल जनावराच्या पाठीवर. तुमच्या ओढ्याकाठची घाणी एखाद्या मोठ्या बांधकामाच्या वेळीच बसवलेली असणार. गावात दोनशे-अडीचशे वर्षांचं काय उभं आहे ते बघा, उत्तर त्यात असेल.

चुना सगळीकडे वापरायचे हाही एक गैरसमज आहे. तो महाग पडायचा. पेशवाईतल्या कितीतरी वाड्यांच्या भिंती आतून मातीत रचलेल्या आहेत आणि चुना फक्त बाहेरच्या सांध्यांना, जोत्याला आणि गिलाव्याला. ‘चुनेगच्ची’, म्हणजे चुन्यात पक्कं बांधलेलं, हा शब्द आपण आज सहज वापरतो, पण तो ऐपतीचा शब्द होता. धाब्याच्या मातीच्या घरांत एखादंच चुनेगच्ची घर असायचं.

भट्टीचं सांगतो. पुरंदरच्या बाजूला एका कामासाठी आम्ही एकदा स्वतः लावली होती, सोबत एक सत्तरी पार केलेले गवंडी होते ज्यांनी लहानपणी वडिलांच्या हाताखाली हे केलं होतं. खडे ओढ्यातून गोळा केले. पहिला धडा तिथेच मिळाला. आम्ही मोठेमोठे निवडत होतो, त्यांनी ते सगळे बाजूला फेकले. “बाळा, मोठा वरून जळतो आन् पोटात कच्चा ऱ्हातो.” सगळे फोडून लिंबाएवढे करायला लावले आणि वरची माती पाण्याने धुवायला लावली. खड्याच्या आत मिसळलेली माती हवी, वर चिकटलेली नको. मग दगडमातीचं छातीएवढं गोल कुंड, खाली हवेला तोंड. तळाला लाकूड, त्यावर गोवऱ्या आणि कोळशाचा थर, त्यावर खडे, पुन्हा कोळसा, पुन्हा खडे, वरपर्यंत. वरचं तोंड फुटक्या खापरांनी आणि चिखलाने झाकलेलं, चार भोकं ठेवून. पेटवल्यावर पहिला दिवस नुसता ओला पांढरा धूर. दुसऱ्या रात्री भोकांतून आतली लाली दिसायला लागली.

चुना सुटायला साधारण नऊशे अंश सेल्सिअस लागतात. त्यांच्याकडे काय थर्मामीटर नव्हता. ते भोकाकडे बघून सांगायचे, “अजून जांभूळ हाय, पळस व्हऊ द्या.” रंग पळसाच्या फुलावर आला की जळण घालायचं थांबवायचं. कंकराच्या भट्टीत जास्त ताव हाही कमी तावाइतकाच वाईट. मातीचा अंश असल्यामुळे खडा जास्त तापला की वितळून काचेसारखा होतो, आणि मग तो ना विरतो ना दळतो.

तीन दिवसांनी भट्टी निवल्यावर खडा हातात घेतला की पहिल्यांदा जाणवतो तो हलकेपणा. शुद्ध चुनखडकाचे शंभर किलो भाजले तर छप्पन किलोच उरतात, बाकी सगळा वायू होऊन जातो. आपल्या खड्यात माती मागे राहत असल्याने घट थोडी कमी, पण हाताला कळते. दोन खडे एकमेकांवर वाजवले तर मातीच्या पणत्या वाजवल्यासारखा आवाज येतो. कच्चा राहिलेला खडा दगडासारखा बद्द बोलतो. ते गवंडी कानाजवळ नेऊन एकेक खडा टाकत होते, आणि त्या दिवशीच्या ढिगातला जवळपास पाचवा हिस्सा त्यांनी बाद केला.

पुढे पाणी. शिंपल्याच्या किंवा शुद्ध दगडाच्या कळीच्या चुन्यावर (म्हणजे भाजलेल्या, अजून पाणी न लागलेल्या) पाणी टाकलं की तो लगेच फणफणतो, उकळतो, फुगून दुप्पट-तिप्पट होतो. आमचा खडा पाणी पिऊन गप्प बसला. मी हिरमुसलो, वाटलं भट्टी वाया गेली. दहा-पंधरा मिनिटांनी त्याला बारीक चिरा पडायला लागल्या, वाफ आली, आणि तो आळसात उठल्यासारखा हळूहळू उलला. पूर्ण पीठ मात्र झालाच नाही. बराचसा भाग रव्यासारखा राहिला. घाणी कशासाठी होती हे मला त्या दिवशी कळलं.

घाणी म्हणजे नुसतं कालवायचं साधन नव्हे. कंकराचा चुना आपणहून पीठ होत नाही, त्याला दळावं लागतं, आणि दळताना वाळूशी आणि सुर्खीशी, म्हणजे विटेच्या बारीक भुकटीशी, मळावं लागतं. ही दोन्ही कामं ते चाक एकदम करतं. तुमच्या चराचा व्यास मोजून बघा. बांधकाम खात्याच्या वेळच्या बैलघाण्या सहा ते नऊ मीटर व्यासाच्या, चर फूटभर रुंद आणि त्याहून थोडा खोल असायचे. किल्ल्यांवरच्या त्याहून लहान दिसतात. मध्यभागी खुंट, त्यातून निघालेला आडवा दांडा चाकाच्या भोकातून आरपार, टोकाला बैल. मागून एक माणूस फावड्याने गारा चाकाखाली ओढत राहायचा. दीड-पावणेदोन घनमीटर गाऱ्याला सहा-सात तास बैल फिरायचा. बोटांत धरून चोळला की वाळूशिवाय काही टोचायला नको, ही परीक्षा. आणि त्या दिवशी मळलेला गारा त्याच दिवशी संपवायचा, कारण हा चुना धरायला लागतो. नुसता शुद्ध चुना असता तर ओला ठेवून आठवडाभरही पुरवता आला असता, उलट मुरवल्याने सुधारला असता. ‘चुना जितका जुना तितका चांगला’ हे जे सगळीकडे सांगतात ते कोकणच्या चुन्याला लागू आहे. देशावरच्या चुन्याला ते लावलं तर माल फुकट.

गूळ, बेलफळ, उडीद, मेथी, हिरडा यांचं विचाराल, सगळेच विचारतात. होय, घालायचे. गुळाच्या पाण्याने गारा हाताला सैल होतो आणि घट्टपणाही चांगला येतो, हिरड्या-बेलाच्या चिकाने गिलाव्याला तडे कमी जातात, ताग घातला की पापुद्रा धरून राहतो. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असल्याचं २०१६ मध्ये पुढे आलं, म्हणजे हे शहाणपण बरंच जुनं आहे. पण अलीकडे याचं फार कौतुक चाललंय. कच्च्या चुन्यात गुळाचं पाणी ओतून भिंत उभी राहत नाही. मुरूड-जंजिऱ्यासमोरचा पद्मदुर्ग बघा. खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी तटाचा दगड ओंजळीएवढा खोल खाल्लाय, आणि सांध्यातला चुना मात्र मधाच्या पोळ्याच्या भिंतींसारखा पुढे उभा आहे. लोक याचं श्रेय उडदाच्या डाळीला देऊन मोकळे होतात. माझ्या मते ते मळणीचं आणि ठासून भरण्याचं आहे. (अलिबागचा कुलाबा मात्र उलट उदाहरण, तिथे तटाचे मोठे चिरे चुन्याशिवायच रचलेत आणि समुद्र अजून त्यांच्याशी झुंजतोय.)

लोणाऱ्याच्या या धंद्याला सगळ्यात मोठी मागणी आली ती पेशवाईत नाही, इंग्रजी अमलात. धरणांमुळे. मुठा नदीवरचं खडकवासला १८७९ मध्ये पुरं झालं, नीरेच्या खोऱ्यातलं भाटघर १८९२ मध्ये, त्याच साली मुंबईच्या पाण्यासाठीचं तानसा, आणि १९२६ मध्ये प्रवरेवरचं भंडारदरा, जवळपास ८२ मीटर उंच. ही सगळी अनघड दगडाची, चुन्यात बांधलेली. धरण म्हणजे पाण्यात उभी असलेली फार जाड भिंत, म्हणजे तिच्या पोटातला चुना हवेशिवाय धरला पाहिजे. शुद्ध चुना सुर्खी घातल्याशिवाय इथे कामाचा नाही. ज्या मातकट खड्याला सफेदीवाले हसायचे, त्याला इथे भाव आला. कामावरच भट्ट्या लागल्या, बैलांच्या जागी इंजिनावरच्या चक्क्या आल्या. लोणारी मालक होता तो मजूर झाला किंवा खडा पुरवणारा ठेकेदार. हा बदल लोक विसरतात. धंदा सिमेंटने मोडला हे खरं, पण त्याची मोडतोड त्याच्या भरभराटीतच सुरू झाली होती. खड्याची पारख साहेबाच्या प्रयोगशाळेत गेली आणि लोणाऱ्याच्या पोराच्या हातात घमेलं राहिलं.

खडकवासल्यावरून एक गोष्ट. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पाठोपाठ खडकवासला. ‘चुन्याचं होतं म्हणून गेलं’ असं मी इंजिनिअरांच्या तोंडूनही ऐकलंय. वर पानशेतचं मातीचं धरण फुटलं, त्याचा सगळा लोंढा अंगावर आला आणि ऐंशी वर्षं उभी असलेली भिंत फुटली. चुन्याला त्याचा दोष देणं म्हणजे पुरात वाहून गेलेल्या माणसाला पोहता येत नव्हतं म्हणण्यासारखं आहे.

मग सिमेंट. पोरबंदरचा कारखाना १९१४ मध्ये सुरू झाला, लगेच कटनी आणि राजस्थानातलं लाखेरी. सुरुवातीला गवंड्यांनी नाकं मुरडली. पण सिमेंटची खरी ताकद त्याच्या ताकदीत नव्हती. ती यात होती की पोतं कुठूनही आलं तरी ते सारखंच वागायचं. चुन्याचं तसं नव्हतं. इंदापूरचा खडा आणि जतचा खडा वेगळा, एकाच ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाचा वेगळा. वाळू किती घालायची, सुर्खी लागेल की नाही, किती वेळ मळायचं, हे दर भट्टीला ठरवावं लागायचं, आणि ते ठरवणारा माणूस लागायचा. सिमेंटला तो माणूस लागत नव्हता. ठेकेदाराच्या दृष्टीने हा हिशोब एका ओळीचा होता. १९५६ ते १९६४ मध्ये कोयना बांधलं तेव्हा चुन्याचा विषयच निघाला नाही, ते दगडी काँक्रीटचं आहे.

मरता मरता एकदा या धंद्याने डोळे उघडले. सिमेंटवर नियंत्रण होतं, परमिट लागायचं. १९८२ च्या फेब्रुवारीत ते अर्धवट उठलं आणि १९८९ मध्ये पुरतं. त्याआधीची टंचाई ज्यांनी पाहिली त्यांना आठवत असेल, पाच पोत्यांसाठी तहसील कचेरीत खेटे. त्या काळात खेड्यांत भिंती चुन्यात आणि स्लॅबपुरतं सिमेंट असा सर्रास प्रकार होता. माझ्या आजोळचं घर तसंच आहे. तालुक्याच्या गावी वीजमोटारीवरच्या लोखंडी घाण्या होत्या, ट्रॉलीने तयार गारा मिळायचा. परमिट उठलं आणि दोन-चार वर्षांत त्या भंगारात गेल्या. त्या घाण्या चालवणारी पिढी अजून हयात आहे, त्यांना गाठा.

चुना म्हणून जो आज आपल्याला मिळतो तो दुसऱ्या घराण्याचा आहे. मध्य प्रदेशातलं कटनी, राजस्थान, आणि आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यातलं वणी-राजूर. विदर्भाच्या त्या कोपऱ्यात बेसाल्ट संपतो आणि पैनगंगा गटाचा खराखुरा चुनखडक वर येतो, शेजारी वर्धा खोऱ्याचा दगडी कोळसा. दगड आणि जळण एकाच अंगणात. तिथे उभ्या भट्ट्या, वरून दगड-कोळसा ओतत राहायचा आणि खालून कळी काढत राहायची, भट्टी विझतच नाही. हा चुना बराच शुद्ध आणि त्याला गिऱ्हाईक बांधकामाचं उरलंच नाही म्हटलं तरी चालेल. साखर कारखान्यात उसाच्या रसाची मळी बसवायला चुना लागतो, गुऱ्हाळात निवळी घालतात, चामडं कमावायला, पाणी शुद्ध करायला, द्राक्षावर मोरचुदाबरोबर बोर्डो करायला, शाळेच्या मैदानावर फक्की मारायला. भट्टीवरचे मजूर मात्र अजून हातापायांना तेल चोळून उतरतात, आणि डोळ्यांना इजा होण्याचं प्रमाण या धंद्यात पूर्वीही होतं, आजही आहे. चष्म्याशिवाय कळीजवळ उभं राहायचं नाही, हे मी माझ्या माणसांना ओरडून सांगतो.

हा घराण्यातला फरक न कळल्याने मी सुरुवातीला मार खाल्लाय. एका वाड्याच्या पश्चिमेच्या भिंतीला मी बाजारातला पोत्यातला चुना आणि तिप्पट वाळू असा गिलावा दिला. फेब्रुवारीत काम झालं, देखणं दिसत होतं. जुलैत मालकांचा फोन आला, “अहो, भिंत रडतेय.” जाऊन पाहिलं तर गिलावा बोटाने खरवडला जात होता आणि जोत्यावर पांढरे ओघळ. चुना खोटा नव्हता. शुद्ध होता, पण पोत्यात कोरडाच पडून जुनाट झालेला, वर त्याला सुर्खी नाही, मळणी नाही, आणि पावसाआधी धरायला चार महिने पुरले नाहीत. ती भिंत मी पदरच्या पैशाने पुन्हा केली. चुना टिकत नाही असं सांगणारे जे भेटतात त्यांतल्या बहुतेकांच्या मागे अशीच एक भिंत असते.

तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. करता येईल, पण दोन रस्ते आहेत आणि तुमचं काम किती यावर रस्ता ठरेल.

मोठं काम असेल, हौस असेल, जवळ खडा असेल तर भट्टी लावा. आधी खडा तपासा. एक खडा वाळवून, वजन करून, पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाका, उघड्यावर आणि हातमोजे घालून. फसफस थांबेपर्यंत ॲसिड घालत राहा. तळाला जे उरेल ते गाळून, वाळवून पुन्हा तोला. शंभर ग्रॅममागे पंधरा ते तीस ग्रॅम मऊ गाळ उरला तर खडा उत्तम. गाळाऐवजी कचकच वाळू उरली तर उपयोग नाही, वाळू चुन्याशी जोड खात नाही. मग पाच-दहा किलोची चाचणी भट्टी, आणि तयार चुन्याचा लिंबाएवढा गोळा करून एक दिवस ओल्या फडक्यात ठेवून पाण्याच्या भांड्यात सोडा. आठवड्याने अंगठ्याने दाबला आणि दबला नाही, तर तुमच्या ओढ्याने होकार दिला. ओढ्यातला खडा गौण खनिजात मोडतो, तेव्हा तहसीलदारांची परवानगी काढून ठेवा, पुढे भांडण नको.

काम थोडं असेल तर भट्टीच्या नादी लागू नका. कळीचा चुना आणा, पोत्यातली फक्की नको. खड्ड्यात विरवून, चाळणीतून गाळून, किमान दोन-तीन महिने पाण्याखाली मुरू द्या. जी माती तुमच्या खड्यात जन्मतः असते ती इथे आपण बाहेरून घालायची, सुर्खीच्या रूपाने. सुर्खी कमी भाजलेल्या विटेची किंवा जुन्या कौलांची, पिठासारखी बारीक. कारखान्याच्या करकरीत भाजलेल्या विटेची सुर्खी नुसता रंग देते. एक भाग चुना, एक सुर्खी, दोन वाळू इथून सुरुवात करा आणि भिंतीच्या एका कोपऱ्यात हातभर नमुना लावून महिनाभर बघा. मळायला घाणी नसेल तर मोझॅइकवाल्यांकडे जुनी रोलर चक्की मिळते. सिमेंटचं मिक्सर वापरू नका, ते गारा नुसतं उलटंपालटं करतं, दाबत नाही. गिलाव्यावर पंधरा-वीस दिवस ओलं गोणपाट. काम दिवाळीनंतर धरा, म्हणजे पावसाला सात महिने मिळतात.

आणि घाणीचं चाक तिथेच राहू द्या. हल्ली ते उचलून फार्महाऊसच्या फाटकाशी उभं करायची टूम निघालीय. ते करण्याआधी, निदान चर साफ करताना, तळाला आणि चाकाच्या भोकात जो पांढरा पापुद्रा चिकटलेला असेल तो चाकूने खरवडून एका डबीत घ्या. तो त्या लोणाऱ्याचा मळलेला गारा आहे. त्यातून चुना, माती आणि वाळूचं प्रमाण ढोबळमानाने वेगळं काढता येतं, वर सांगितलेल्या ॲसिडच्याच पद्धतीने. दोन चमचे भरला तरी पुरतो, आणि तुमच्या वाड्याच्या सांध्यातलाही तेवढाच वेगळ्या डबीत घ्या. दोन्ही जुळले तर वाड्याचा चुना कुठे मळला गेला असावा याचा अंदाज तुम्हाला कागदपत्रांशिवाय आलेला असेल.